सद्गुणांना श्रद्धांजली

सरकार माणसाला रिटायर करतं तेव्हा त्याची खुर्ची काढून घेतं, शिपाई काढून घेतं, टेबलावरची घंटीसुद्धा काढून घेतं. एकच गोष्ट काढून घ्यायची राहून जाते, ती म्हणजे लोकांच्या चुका काढायची सवय. ती माणूस घरी घेऊन येतो, आणि मग घरच्यांनी ती कुठे ठेवायची याचा सरकारनं काही विचार केलेला नसतो.

प्रभंजनराव मुधोळकर एका सरकारी खात्यातून ऑफिस सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झाले आणि धारवाडात मळमड्डीतल्या आपल्या घरी येऊन बसले. बसले म्हणजे नुसते बसले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला सुविचार सुचतात. आजवर फायलींच्या गडबडीत ते आतल्या आत दबून राहिले होते, आता मोकळे झाले. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज सकाळी एक टाकू लागले. दुसऱ्याचे तयार सुविचार, गुलाबाच्या फुलाखाली छापलेले, पुढे ढकलणाऱ्या माणसांबद्दल त्यांना फार तिटकारा. यांचा सुविचार घरचा, ताजा, हातानं बनवलेला. पण कौतुक कोणाला? "स्तुती ही उधारीवर मिळते, निंदा रोख," असं काहीतरी फर्मास त्यांनी लिहावं आणि त्याच्या खाली लगेच शेजारच्या अंबूताईंनी विचारावं, नळाला पाणी आलं का. कुणीतरी सांगायचं, आलं. आणि त्या 'आलं'ला सगळ्या गल्लीनं हात जोडायचे, अंगठे दाखवायचे, फुलं वाहायची. मानवी स्वभावावर इतकं खोल चिंतन करावं आणि लोकांनी पाण्याच्या टाकीपर्यंतच खोल जावं, हे प्रभंजनरावांना सहन होण्यासारखं नव्हतं.

तेव्हा त्यांनी फळा लावायचं ठरवलं. घराच्या कंपाउंडच्या भिंतीवर, फाटकाच्या बाजूला, गल्ली वळते तिथेच. मोबाइल बंद करता येतो. डोळे मिटून गल्लीत चालता येत नाही, एवढं साधं गणित होतं.

पद्माबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हे ऐकलं आणि भाजी निवडता निवडता एवढंच म्हटलं की फळ्यावरचे सुविचार मुलं वाचतात ती लहान असतात म्हणून. मोठी माणसं कशाला सहन करतील? आता पद्माबाईंनी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभं राहून केली होती. पण नवऱ्याला बायकोच्या अनुभवाचा उपयोग फक्त औषधांच्या वेळा लक्षात ठेवायला होतो, हे जगभर चालत आलेलं आहे. प्रभंजनरावांनी ऐकल्यासारखं केलं.

"बरं, लावा," पद्माबाई शेवटी म्हणाल्या, "पण माझं चैत्रातलं हळदीकुंकू होऊन जाऊ दे. मग काय लावायचं ते लावा."

हे त्या उगीच म्हणाल्या नव्हत्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी ठरल्या दिवशीच घरात सूतक आलं, ते फिटेपर्यंत चैत्र सरत आला. दोन्ही वर्षं चैत्रागौर पाळण्यात बसली, पण गल्लीतल्या बायका घरी आल्या नाहीत. पद्माबाई मात्र काठी टेकत सगळ्यांकडे जाऊन आल्या. प्रत्येकीनं ओटीत भिजवलेले हरभरे घातले, पन्हं दिलं, आणि दरवेळी घरी येताना त्यांना वाटलं, आपण नुसतं घेऊनच येतो. यंदा त्यांना सगळी गल्ली आपल्या घरी हवी होती. कैरी घातलेल्या वाटल्या डाळीची कोसंबरी, पन्हं, पाळण्यातली गौर, पुढे मांडलेली चित्रं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं. सुनेनं बेंगळुरूहून पाठवलेली नवी इरकल त्यांनी त्या दिवसासाठीच घडी न मोडता ठेवली होती.

प्रभंजनरावांनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन फळा घेऊन आले. कारण सोपं होतं. पाडवा तोंडावर आला होता, आणि सद्गुणांची सुरुवात मुहूर्तावर व्हायला नको का?

दुकानदारानं विचारलं, शाळेसाठी की खानावळीसाठी? त्याच्या अनुभवात फळा घेणारी माणसं दोनच प्रकारची. प्रभंजनराव म्हणाले, समाजासाठी. दुकानदारानं काच आणि कुलूप असलेला फळा काढून दाखवला आणि सल्ला दिला की समाजासाठी असेल तर हाच न्या री, नाहीतर तुम्ही एक लिहाल आणि दुसरंच कोणी पुसून आपलं लिहून जाईल. प्रभंजनराव हसले. आपल्या फळ्यावर दुसरं कोण लिहिणार? साधाच फळा घेऊन ते बसमध्ये चढले. हातात फळा बघून एका कॉलेजच्या मुलीनं "बसा सर" म्हणून जागा दिली. आपण मास्तर नाही, हे सांगायला त्यांना धारवाड येईपर्यंत सवड झाली नाही. घरातली खरी मास्तरीण सगळा जन्म त्याच बसनं शाळेत उभ्यानं जाऊन आली होती, पण तिच्या हातात फळा नव्हता ना.

पाडव्याला गुढी उभी राहिली आणि तिच्या खालीच फळ्यावर पहिला सुविचार झळकला:

नम्र माणूस ओळखायचा कसा? तो स्वतःहून सांगतो.

समोरच्या घरातले बाळाचार्य तो वाचून थेट आतच आले. बाळाचार्य म्हणजे गल्लीतले पौरोहित्य करणारे गृहस्थ. हल्ली ते अमेरिकेतल्या यजमानांचा सत्यनारायण मोबाइलवरून सांगतात आणि प्रसाद इथे स्वतः खातात. त्यांनी प्रभंजनरावांचा हात हातात घेतला आणि हळूच सांगितलं की फार चांगलं केलंत, अंबूताईंना कुणीतरी हे सांगायलाच हवं होतं. येता-जाता 'आम्ही आपली साधी माणसं' म्हणत असतात. प्रभंजनरावांनी लिहिताना अंबूताईंचा विचारही केलेला नव्हता. पण कौतुक आलं होतं, ते दारातून परत पाठवणं बरं दिसलं नसतं.

दुपारी अंबूताई आल्या. या शेजारच्या, यजमान धारवाडच्या कोर्टातले रिटायर वकील, त्यामुळे त्या अजूनही कुठलीही गोष्ट साक्षीदारासकट सांगतात. त्याही म्हणाल्या, अगदी बरोबर लिहिलंत. आचार्य स्वतःला फार नम्र समजतात.

प्रभंजनरावांना त्या रात्री पद्माबाईंना किती आणि काय सांगू असं झालं. जेवताना ते म्हणाले की समाज भुकेला होता. पद्माबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

मग काय, फळ्याला बहर आला. "मागून नेलेली वस्तू परत दिली की माणसाची उंची वाढते, न दिली की घरातलं सामान." हा सुविचार अंबूताईंना इतका आवडला की त्यांनी पुन्हा येऊन सांगितलं, आचार्यांनी आमची शिडी नेलीय ती दिवाळीपासून त्यांच्याच गच्चीला टेकलीय. हे त्या सांगत असताना मुधोळकरांचं पुरणयंत्र होळीच्याही आधीपासून अंबूताईंच्याच स्वयंपाकघरात होतं, पण मनुष्यस्वभाव असाच असतो. शिडी लांबून दिसते, पुरणयंत्र फडताळात असतं. "ज्याला काम नसतं, त्याचं सगळ्यांच्या कामाकडे लक्ष असतं," हा सुविचार तर गल्लीतल्या प्रत्येक घरानं समोरच्या घराला बहाल केला. लोक फळ्यापाशी थांबत, वाचत, मान डोलावत, आणि पुढच्या घराकडे एक नजर टाकून चालू लागत. आणि प्रभंजनराव खिडकीच्या पडद्याआड उभे राहून कोण थांबतंय ते बघत. रिटायर माणसाला एवढं काम पुरतं.

हे असंच चालू राहिलं असतं तर सगळेच सुखी राहिले असते. सुविचाराची गंमतच ती आहे. जोवर तो शेजाऱ्यावर आहे तोवर त्याच्यासारखं सुंदर साहित्य नाही.

पण प्रभंजनरावांना सुपरिंटेंडंटची सवय. रेकॉर्ड चुकीचं गेलेलं त्यांना चालायचं नाही. एके दिवशी अंबूताई फाटकाशी उभ्या राहून त्या शिडीबद्दल पुन्हा सांगत होत्या आणि म्हणाल्या की तुम्ही आचार्यांना बरोबर पकडलंत हो. आता कुठलाही शहाणा माणूस इथे 'हं' म्हणून आत गेला असता.

"नाही नाही, अंबूताई," प्रभंजनराव म्हणाले, "आचार्यांवर कसं असेल? उलट आचार्यच म्हणत होते की ते तुमच्यावर आहे. नम्रतेचंही तुमच्यावरच, असं म्हणाले ते. मी काही बोललो नाही."

अंबूताईंनी फळ्याकडे वळून त्या दिवशीचा सुविचार पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता घरात गेल्या. प्रभंजनरावांना वाटलं, पटलं त्यांना.

संध्याकाळपर्यंत त्या आचार्यांकडे जाऊन आल्या. अंबूताई काय म्हणत होत्या ते मग आचार्यांना कळलं, आणि आचार्य काय म्हणाले होते ते सगळ्या गल्लीला. घराघरात माणसं जुने सुविचार आठवून आठवून कोणता कोणावर होता याची शहानिशा करू लागली. आणि प्रत्येकाला शोध लागला की दुसऱ्यासाठी शिवलेला सदरा शेजारी आपल्याच मापाचा म्हणत होते.

पद्माबाईंच्या कानावर हे दळणाच्या गिरणीत आलं. घरी येऊन त्या म्हणाल्या, तो फळा निदान शुक्रवारपर्यंत काढून ठेवा. शुक्रवारी हळदीकुंकू होतं. प्रभंजनराव म्हणाले की औषध झोंबतंय याचा अर्थ जखम होती. हेही त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच फळ्यावर लिहून टाकलं.

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसातून बोलावणं आलं. कुणीतरी तक्रार केली होती की रस्त्याला तोंड करून विनापरवाना फलक लावलाय. कुणी केली ते लिहिलेलं नव्हतं. प्रभंजनरावांनी मनातल्या मनात एकेकाला आरोपी करून पाहिलं आणि सगळेच शोभून दिसले.

काउंटरवर दीपश्री मॅडम म्हणून एक चुणचुणीत बाई होत्या. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि कन्नडमध्ये विचारलं, फलक कसला? व्यापारी, राजकीय, धार्मिक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, का श्रद्धांजली?

प्रभंजनराव म्हणाले, यातला कुठलाच नाही. सद्गुणांविषयी आहे. मानवी स्वभाव, नीती वगैरे.

मॅडमनी यादी वर-खाली करून पाहिली आणि सांगितलं, "तसं कॉलम इल्ला री."

आता गंमत बघा. हेच वाक्य, कॉलम नाही म्हणून, प्रभंजनरावांनी आयुष्यभर काउंटरच्या पलीकडून किती लोकांना ऐकवलं असेल. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं हे त्यांना आज कळलं आणि ते खवळले. आपण कोण होतो, कुठे होतो, आपल्या सहीशिवाय काय काय हलत नसे, हे त्यांनी सांगितलं. मॅडमनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कारण असले रिटायर साहेब त्यांच्याकडे रोज येतात. मग त्यांना दया आली. त्या म्हणाल्या, श्रद्धांजलीत टाकूया का सर? त्याला फी नाही, आजच्या आज मिळतं, आणि दुःखाचं असतं म्हणून कोणी येऊन विचारत नाही. प्रभंजनरावांनी उन्हात परत खेटे घालायचा विचार केला आणि हो म्हणाले.

"वारलं कोण म्हणून लिहू?" मॅडमनी विचारलं.

"सद्गुण," प्रभंजनराव चिडून म्हणाले.

मॅडमनी ते टाइप केलं. मग विचारलं, अर्जदाराशी नातं? प्रभंजनराव खूप विचार करून म्हणाले, "दूरचं लिहा."

परवाना छापून आला. त्यावर मोठ्या कन्नड अक्षरांत श्रद्धांजली फलक, त्याखाली सद्गुण, दूरचे नातेवाईक, त्याखाली मुधोळकरांचा पत्ता. तो फलकाच्या कोपऱ्यात दिसेल असा चिकटवायचा होता, शिवाय मजकूर कन्नडमध्येही हवा, तोही वरच्या बाजूला, असं मॅडमनी बजावलं. ऑफिसचा कागद, तोही शिक्का असलेला. प्रभंजनरावांनी तो देवाच्या फोटोइतका नीट चिकटवला.

कन्नडसाठी त्यांनी पलीकडच्या हिरेगौडर मास्तरांना गाठलं. हे कन्नडचे रिटायर शिक्षक. तसं मळमड्डीत मराठी वाचता न येणारा माणूस मिळणं कठीण. हिरेगौडरही रोज फळा वाचून हसत, फक्त विचारलं की 'आम्हाला तुमचं मराठी कुठं कळतंय री' म्हणत. आता मात्र त्यांनी मनावर घेतलं. त्या दिवशीचा सुविचार होता, "कचरा दुसऱ्याच्या कोपऱ्यावर टाकला म्हणजे घर स्वच्छ होतं, माणूस नाही." हिरेगौडरांनी तो आपल्या टपोऱ्या अक्षरात, मनापासून, चार शब्द स्वतःचे घालून कन्नडमध्ये लिहिला, आणि मागे सरून आपलंच अक्षर बघत उभे राहिले. इतक्यात त्यांच्या पत्नी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, कोपऱ्यावर ठेवायला. त्यांनी आधी फळा वाचला. मग अक्षर ओळखलं. मग नवऱ्याकडे बघितलं. हिरेगौडर मास्तर त्यानंतर गल्लीत दिसले नाहीत, आणि त्यांच्या घरातून मुधोळकरांच्या घराकडे उघडणारी खिडकी एवढ्या उन्हाळ्यात बंद झाली.

तर अशी सगळी उत्तम तयारी झाल्यावर शुक्रवार उजाडला.

पद्माबाईंनी चार दिवस आधीच घरोघर जाऊन कुंकू लावून आमंत्रणं दिली होती. सगळ्याच जणी 'येतो की अक्का' म्हणाल्या होत्या. जरा लवकर म्हणाल्या, जरा दारातूनच म्हणाल्या, एवढंच. पहाटेपासून त्यांनी डाळ वाटली, कैऱ्या किसल्या, मोठ्या पातेल्यात पन्हं केलं आणि ते माठाशेजारी गार करत ठेवलं. गौर पाळण्यात बसवली. तिच्यापुढे पायऱ्या करून चित्रं मांडली, कलिंगडाचं कमळ कापलं. हरभऱ्याचं मोठं घमेलं भरून ठेवलं, आणि चार वाजता इरकलची घडी मोडली. प्रभंजनरावांनीही त्यांना पाहून, अगदी त्यांच्यासारख्या माणसानंही, छान दिसतेस म्हटलं.

पाच वाजले. कोणी आलं नाही. साडेपाच झाले. पद्माबाईंनी समईची वात जरा पुढे सारली. दारात जाऊन आल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं, पण समोरच्या आचार्यांच्या घरचा पडदा हलला, अंबूताईंच्या घरचाही. त्या परत येऊन बसल्या.

सहाला फोन वाजला. अंबूताईंचा होता. गोड आवाजात त्या म्हणाल्या, यायचंच होतं हो, पण तुमच्या दारावर श्रद्धांजलीची चिठ्ठी बघितली. शिक्क्यासकट आहे. कोणी सद्गुण म्हणून दूरचे वारले म्हणे तुमचे. सुतकात हळदीकुंकवाला कसं यायचं, अक्का? सगळ्याच म्हणाल्या, नको. सूतक नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. ज्या घरातून सकाळी कैरीच्या फोडणीचा वास येतो, त्या घरी सूतक नसतं हे आंधळ्यालाही कळतं. पण गल्लीला कागद मिळाला होता, आणि कागदाचा आधार कसा घ्यायचा हे गल्ली प्रभंजनरावांकडूनच शिकली होती.

पद्माबाईंनी फोन ठेवला. घमेल्यातल्या हरभऱ्यांत हात घालून नुसत्या बसून राहिल्या, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ऑपरेशनच्या वेळीही आलं नव्हतं. प्रभंजनरावांना फार वाईट वाटलं. खरोखर वाटलं, सांगणाऱ्यानं निदान एवढं कबूल केलं पाहिजे. त्यांना वाटलं की यावर काहीतरी केलं पाहिजे, आत्ता, लगेच. आणि त्यांच्यासारख्या माणसाला जे एकच करता येतं ते करायला ते उठले. देवघराच्या कोनाड्यातून त्यांनी खडू काढला.

"थांब तू," ते म्हणाले. "आमंत्रण घेऊन न येणाऱ्यांवर एक असा लिहितो की पुन्हा तोंड वर करणार नाहीत."

पद्माबाईंनी डोळे पुसले. कमरेवर हात ठेवून उठल्या, त्यांच्यासमोर आल्या आणि हात पुढे केला.

"खडू इकडे द्या."

हा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता. तो शाळेतला होता. प्रभंजनरावांनी खडू देऊन टाकला आणि का दिला ते त्यांना कळलंही नाही.

नवी इरकल नेसून पद्माबाई फाटकाबाहेर गेल्या. शिक्क्याची चिठ्ठी त्यांनी एका टोकाला धरून सोलून काढली. फळा पुसला, पदरानं नाही, आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि नीट पुसला, कारण पुसायचा कसा हे त्यांना माहीत होतं. पडदे आता उघडच हलत होते. मग त्यांनी वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, एकाही अक्षराचा तोल न जाऊ देता, एक ओळ लिहिली, खडू कनवटीला खोचला आणि आत येऊन गौरीपुढे बसल्या.

सुविचार कितीही वाईट असो, मळमड्डीत नवा लिहिला गेला आणि कोणी वाचला नाही असं होणं शक्य नाही. पहिल्यांदा आचार्यांच्या सौभाग्यवती आल्या, भाजीच्या निमित्तानं, हातात पिशवी नसताना. त्यांनी वाचलं. मग त्या तोंडाला पदर लावून तिथेच उभ्या राहिल्या आणि खांदे हलू लागले. मग हिरेगौडर बाई आल्या, त्यांनी कन्नड वाचलं, खात्री करायला मराठीही वाचलं, ज्यातलं त्यांना म्हणे काही कळत नव्हतं, आणि त्या तर मोठ्यानं हसल्या. अंबूताई आल्या तेव्हा फळ्यापुढे गर्दी झाली होती. गर्दी फळ्यावरून फाटकाशी सरकली, फाटकातून अंगणात, आणि कुणी कुणाला या म्हटल्याशिवाय सगळ्या आत आल्या. अंबूताईंच्या पदराआड काहीतरी अवजड होतं. ते त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलं आणि वर ताट झाकलं. पुरणयंत्र होतं.

मग जे हळदीकुंकू झालं ते गल्लीत बरेच दिवस बोललं गेलं. पन्हं संपलं, पुन्हा करावं लागलं. पद्माबाईंनी एकेकीची ओटी भरली, आणि प्रत्येक वेळी भरताना त्यांचा चेहरा असा काही उजळत होता की प्रभंजनराव आतल्या खोलीतून बघतच राहिले. बाहेर फाटकाशी आचार्य आणि हिरेगौडर शेजारी शेजारी उभे होते. एकमेकांच्या हातावर टाळी देत होते. शिडी परत करायचंही काहीतरी बोलणं ऐकू आलं.

सगळ्या गेल्यावर प्रभंजनराव कोसंबरीची वाटी हातात घेऊन बाहेर आले. एवढं काय लिहिलंय ते त्यांनी अजून वाचलं नव्हतं. कुणी त्यांना वाचायला बोलावलंही नव्हतं. रस्त्यावरचा दिवा लागला होता. फळ्यावर होतं:

जगाला शहाणं करायला निघालेल्या माणसाच्या घरी एक तरी शहाणं माणूस असावं लागतं.

प्रभंजनरावांनी ते दोनदा वाचलं. घास चावता चावता त्यांची मान आपोआप डोलू लागली. त्यांची नजर हळूहळू समोरच्या घराकडे गेली. ते आत आले. पद्माबाई पाळण्यातल्या गौरीवरून हात फिरवत बसल्या होत्या.

"चांगलं जमलंय," प्रभंजनराव म्हणाले. अधिकारानं म्हणाले. "आचार्यांना अगदी बरोबर बसतं. वहिनी आहेत म्हणून त्यांचं घर चाललंय. पण त्यांना झोंबेल गं."

"नाही झोंबणार," पद्माबाई म्हणाल्या. "ज्याच्यावर असतं, त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही."

"मग सांगायचं का त्यांना?"

"कशाला? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे."

प्रभंजनराव विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. ज्याच्यावर असतं त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही, हेही काही वाईट नव्हतं. थोडं घासूनपुसून घेतलं तर उद्या सकाळी लिहिण्यासारखं होतं. त्यांनी कोनाड्यात हात घालून खडू शोधला. तो पद्माबाईंच्या कनवटीला होता, आणि त्यांनी काही तो दिला नाही.